मामांचं देऊळ आणि माझी पुट्टी

वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंतची छपरं जमिनीवर उताणं पडून पाहिलेला माणूस जगात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा बोटीवर सुतार होते. निवृत्त होऊन गावी आल्यावर कुणाच्याही घरी गेले की चहाआधी खांद्यावरचा टॉवेल खाली अंथरायचे, त्यावर उताणे पडायचे आणि वर बघत राहायचे. आमच्या नव्या बंगल्यात ते असे पहिल्यांदा पडले, तेव्हा मी घाबरून त्यांच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारलं. त्यांनी शांतपणे चेहरा पुसला आणि माझ्या पांढऱ्याशुभ्र, नक्षीदार पीओपीकडे बोट दाखवून विचारलं, ह्याच्या आड काय लपवलंय? कंत्राटदाराने ते मलाही सांगितलं नव्हतं.

ही सवय त्यांना इंग्लंडात लागली. तरुणपणी त्यांची बोट तिथल्या एका बंदरात दुरुस्तीसाठी तीन महिने अडकली. बाकीचे खलाशी टेपरेकॉर्डरसाठी बाजार धुंडाळत होते, आणि मामांना जवळच्या खेड्यात सात-आठशे वर्षांचं दगडी चर्च सापडलं. आत जाऊन वर बघतात तर छप्पर म्हणजे पालथं घातलेलं गलबतच. खिळा एक नाही, सगळे सांधे लाकडी खुंट्यांवर. वर एक म्हातारा सुतार किडलेलं लाकूड काढून तेवढ्याच मापाचं ठिगळ बसवत होता. मामा प्रत्येक सुट्टीला त्याच्या हाताखाली राबले. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती, पटाशी मात्र दोघांनाही येत होती. परतताना इतरांनी अत्तरं आणली, मामांनी त्या छपरातली एक जुनी खुंटी आणली. पुढे पन्नास वर्षं ते त्या चर्चला ‘तिकडला देऊळ’ म्हणत राहिले. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला ते तिथला घंटेचा मनोरा समजावू लागले की त्याचे वडे थंड व्हायचे. मी कुंपणाच्या जुन्या चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, तेव्हा त्यांनी बजावलं होतं की तिकडे भिंती चुन्यात असतात म्हणून श्वास घेतात, तुमची गुदमरेल. दोन पावसाळ्यांत गिलावा पापडासारखा सुटला.

गावच्या देवळाचा लाकडी सभामंडप गळू लागला, तेव्हा जीर्णोद्धार समिती नेमली गेली आणि अक्षर चांगलं म्हणून मला चिटणीस केलं. कचेरीत जन्मभर टिपणं लिहिण्यापलीकडे माझ्या अंगी दुसरा गुण नव्हता. मी पहिल्याच महिन्यात खांबांना आणि तुळयांना सोनेरी ऑइलपेंट मारून घेतला. त्याआधी लाकडावरचे जुने ओरखडे दिसू नयेत म्हणून स्वतः शिडीवर चढून एकेक पुट्टीने बुजवला. इतकं मन लावून मी संसारातही काही केलं नसेल. मंडप अर्थातच गळत राहिला. मग मुंबईकर मंडळींनी सगळं पाडून स्लॅब घालायचं सुचवलं, आणि मी तो ठरावही सुंदर अक्षरात लिहून टाकला. आठ दिवसांनी गावाच्या सभेत तो मंजूर होणार होता.

मामांना हे कळलं तेव्हा ते आजारातून नुकते उठले होते. तरी आले आणि टॉवेल अंथरून पडले. मग पटाशी घेऊन शिडी चढले. मी खाली शिडी धरून उभा. एका सांध्यावरची पुट्टी त्यांनी खरवडली तर तुळईवर तीन सरळ रेघा निघाल्या, आणि तिथे टेकलेल्या वाशावरही तशाच तीन.

“जावयबापू, हे ओरखडे न्हय, आकडे आसत,” मामा म्हणाले. “खंयचो वासो खंय बसता, ता जुन्या सुतारान लिवन ठेवलेला. तिकडच्या देवळातय असेच आसत. तुमी तेंचा तोंड बंद केलात.”

जन्मभर दप्तर सांभाळलेल्या माणसाने देवळाचं एकुलतं एक दप्तर पुट्टीखाली गाडलं होतं. मला अतिशय लाज वाटली. सभेपर्यंत रोज मी वर पुट्टी खरवडत होतो आणि मामा खाली पडल्या पडल्या काठीने जागा दाखवत होते.

मंडपातच भरलेल्या सभेत त्यांनी भाषण केलं नाही. दोन ठोक्यांत एक खुंटी काढली, वासा उतरवला, त्याचं कुजलेलं टोक सगळ्यांच्या हातात दिलं आणि आकडा जुळवून वासा परत बसवला. “परत चडवूक येवचा म्हणानच आकडे घातलेले आसत,” एवढंच म्हणाले. “कुजला तेवडाच बदला.” मुंबईकरांनी स्लॅबचा आग्रह सोडला. गुरवाने गाऱ्हाणं घालून देवाची परवानगी मागितली, आणि माझा ठराव मीच खोडला.

बदलावे लागले ते फक्त अकरा वासे. मामा सांगायचे आणि गावचे सुतार घडवायचे. आकडे मात्र मामा स्वतः कोरत. शेवटच्या वाशाला त्यांनी पटाशी माझ्या हातात ठेवली. “ह्यो आकडो तुमी घाला. तुमचा अक्षर बरा आसा मां?”

मी त्याच्या तुळईवर होत्या तशा तीन रेघा मारल्या. त्यातली एक तिरकी गेली, दुसरी नको तितकी लांबली. मी ती तासून काढायला गेलो तर मामांनी मनगट धरलं.

“ऱ्हवांदे. फुडच्याक कळला म्हणजे झाला.”

मामा गेल्या वर्षी गेले. मंडप आता गळत नाही. आरती आटोपून माणसं पांगली की मी त्यांचा टॉवेल अंथरून उताणा पडतो, आणि मला त्यांची फार आठवण येते. वर सगळे आकडे सरळ आहेत, एक सोडून.

परवा समितीचे नवे चिटणीस तिथे आले. वर बघून म्हणाले, तेवढा एक ओरखडा फार वाकडा दिसतो, पुट्टी मारून घेऊया का? मी टॉवेलवर जरा बाजूला सरकलो आणि त्यांना शेजारी पडायला सांगितलं.