बाबांचे पाण्यावरचे कपडे

माणूस समोर आला की माझी नजर आधी त्याच्या कपड्यांवर जाते, चेहऱ्यावर नंतर. ही खोड लहानपणापासूनची, आणि पुढे पोटापाण्याचा उद्योगही तोच निघाला. अहेरीत मी मुलींना शिवणकाम शिकवते. येताजाता माझं नाक खुपसणं चालूच असतं. तेंदूपत्ता तोडायला निघालेल्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट का चढवतात, धानाच्या रोवणीच्या वेळी पदर नेमका कुठे खोचतात, गिरणीवाला पट्टा सुरू करण्याआधी गळ्यातला दुपट्टा काढून खुंटीला का टांगतो, हे मी थांबून विचारते. लोक सांगतातही. एका बाईने तर बाही वर सरकवून, शर्ट घरी विसरली त्या दिवशीचे ओरखडे मला दाखवले होते.

नव्या मुली आल्या की माझा पहिला तास ठरलेला. मशीनवर बसताना ओढणी मागे बांधा, वेणी वर घ्या, लोंबते कानातले आणि सैल बांगड्या घरी ठेवा, पायात मागे पट्टा असलेली चप्पल हवी. हे मी इतक्या रुबाबात सांगते की या बाईने स्वतःच्या बापाचा कपडा चुकवला असेल, अशी शंकाही कुणाला यायची नाही.

आमचं गाव गोंडपिपरी तालुक्यात, एका मोठ्या तलावाकाठी. आम्ही ढिवर, बाबा मासेमार. डोंग्यात उभं राहून जाळं फेकण्यात त्यांची हयात गेली. मला काम लागलं त्या वर्षी मी त्यांच्यासाठी शर्ट शिवला. जाड सुती कापड, मळ दिसू नये म्हणून मातकट रंग, दोन खिसे, कफ, आणि अहेरीच्या बाजारातून निवडून आणलेली बटनं. काजं सगळी हाताने केली होती. बाबांनी शर्ट अंगाला लावून पाहिला आणि छान जमला म्हणाले. संध्याकाळी पाहते तर माय उंबऱ्यावर बसून ब्लेडने त्याचं एकेक बटन उसवत होती.

माझा पारा चढला. मी तिच्याशी बोललेच नाही, आणि तिनेही समजूत काढली नाही. काम संपल्यावर तिने शर्ट झटकून दोरीवर टाकला. तिथे बाबांचे आणखी दोन शर्ट वाळत होते. त्यांनाही बटनं नव्हती. मी हे जन्मापासून पाहत आले होते आणि कपडे जुने झाले म्हणून बटनं गेली, असं धरून चालले होते. जगाच्या बाह्या आणि पदर तपासत फिरणाऱ्या मला घरची दोरी कधी दिसली नव्हती, याचं मला अजून नवल वाटतं, आणि लाजही वाटते.

सकाळी बाबांनी मला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर नेलं आणि कोरड्या जमिनीवर जाळं फेकून दाखवलं. जाळ्याची दोरी डाव्या मनगटाला अडकवायची, थोडं जाळं डाव्या कोपरावर घ्यायचं, कडेचा एक पदर दातात धरायचा आणि कंबरेतून वळून सगळं एका झटक्यात सोडायचं. त्याच झटक्यात तोंड उघडून दातातला पदरही सोडायचा. जाळं गोल पसरत जातं, आणि कडेला शिशाच्या गोळ्या असल्यामुळे सुटताना त्याला जोर असतो. त्याच्या विणीतलं एक घर जरी बटनात, अंगठीत किंवा घड्याळाच्या पट्ट्यात अडकलं, तर ते माणसालाही सोबत ओढतं. बाबांच्या चुलतभावाने लग्नात मिळालेलं घड्याळ घालून जाळं फेकलं होतं. तो तोंडावर पाण्यात पडला, वाचला, पण समोरचा दात डोंग्याच्या काठावर गेला.

"बटन जाळ्याले धरते अन् जाळं माणसाले," बाबा म्हणाले. "तुले शिवाले येते पोरी, पण पाण्याचं आमाले इचारत जा."

तेव्हापासून मी विचारत गेले. गळ्यातून घालायचा, कोपराच्या वर बाही संपणारा सदरा मी त्यांच्यासाठी बसवला. त्याला बाहेरून खिसा नाही. तंबाखूच्या पुडीसाठी आतून लावलेला आहे. कंबरेचा घेर थोडा जास्त, कारण वळताना कापड ताणलं की जाळं वाकडं पडतं. शेजारच्या दोघातिघांनीही तसे सदरे शिवून मागितले. मी मनातून फुलले होते, खोटं कशाला सांगू.

मग गेल्या वर्षी श्रावणात बाबा डोंग्यातून पडले. पाय कमळाच्या देठांत गुंतले आणि ते बराच वेळ डोंग्याची कड धरून तरंगत राहिले. घरी आल्यावर तोंडाला कुलूप. मायला तीन दिवसांनी दुसऱ्या बाईकडून कळलं, आणि तिने मला फोन केला. बाबांनी साठी ओलांडली आहे. उजवा खांदा दुखतो, पूर्वीसारखं पोहणं होत नाही. तलाव मात्र ते सोडणार नव्हते. पुढच्या वेळी कड हाताला लागली नाही तर काय, हा एकच प्रश्न घेऊन मी बसने गावाकडे निघाले.

गावात मच्छीमारांना तरंगायची केशरी जाकिटं कधीच वाटून झाली होती, हे मला तिथे गेल्यावर समजलं. ती कुणीच घालत नव्हतं. मी घरोघरी जाऊन पाहिलं. एक जाकीट धानाच्या बांधीत बुजगावण्याच्या अंगावर होतं, एकावर मांजर व्यालं होतं, आणि आमचं पलंगाखाली, प्लास्टिकच्या पिशवीतून न काढलेलं. का घालत नाही, असं मी प्रत्येकाला विचारलं. कुणी म्हणालं गरम होते, कुणी म्हणालं रंग पाहून मासोळी पळते. बाबांच्या चुलतभावाने जाकीट माझ्या हातात दिलं आणि नुसतं बोट ठेवलं. छातीवर तीन चाप, लोंबते पट्टे, खाली एक शिट्टी. जाळ्याला अडकायला याहून चांगली सोय कुणी केली नसती.

आमचं जाकीट मी अहेरीला नेलं आणि उसवलं. आतल्या फोमला हात लावला नाही. माणूस तरंगतो तो त्याच्यावर. समोरचा भाग बंद करून चाप उजव्या बगलेखाली नेले आणि त्यांच्यावर कापडाची सपाट झडप शिवली. लोंबते पट्टे आत दुमडले. शिट्टी खिशात बसवली, तो खिसाही आतून. बगलेतलं नुसतं कापड खोल कापलं, म्हणजे खांदा फिरेल. मग गावी परत येऊन, जाकीट घालून मी स्वतः तलावात उतरले, आधी गळ्याएवढ्या पाण्यात, मग पाय टेकत नाहीत तिथे. चुलतकाका डोंगा धरून बाजूला होते आणि हसून हसून बेजार झाले होते. मी पालथी पडले, पाय वर घेतले, सगळे प्रकार करून पाहिले. तोंड पाण्याबाहेर राहत होतं. मग बाबांनी ते घालून पाळीवर जाळं फेकलं. जाळं कुठेही अडकलं नाही.

तरी ते घालून पाण्यावर जायला तयार होईनात. दोन दिवस मी मागे लागले. गरम होते का? नाही. खांदा आखडतो का? नाही. मासोळी पळते का? त्यावर ते स्वतःच हसले. तिसऱ्या दिवशी जेवताना, ताटाकडे पाहत, बोलले.

"ढिवराच्या अंगावर हे पाहून लोक हासतीन. म्हणतीन, याले आता पाण्याचं भेव वाटून राह्यलं."

मला रागच आला. जीव जायची वेळ आली होती आणि यांना हसं होण्याची चिंता. पण शिवणारीला गिऱ्हाइकाची लाजही मापात धरावी लागते. मी तोडगा काढला. पिशवीत तलावाच्या गाळासारख्या रंगाचं कापड होतं. त्याची खोळ जाकिटावर चढवली की दुरून तो नुसता जाड सदरा वाटला असता. संध्याकाळी मी अंगणात कापड पसरून खडूने आखायला घेतलं. बाबा खाटेवर जाळं दुरुस्त करत होते. माय तांदूळ निवडत होती. ती उठली आणि येऊन कापडावर पाय देऊन उभी राहिली.

"रंग राहू दे," ती म्हणाली.

मी तिला बाबांची अडचण सांगू लागले. तिने मला थांबवलं. ती माझ्याशी बोलत होती, पण पाहत होती बाबांकडे.

"लगन झालं तवापासून रोज पाळीवर जाऊन पाहून राह्यली मी. इतक्या दुरून सारे डोंगे सारकेच दिसतेत. याच्यातला आपला माणूस कोणता, थे तो घरी आल्यावरच समजते मले."

बाबांचा हात जाळ्यात थांबला. माय पाळीवर जाते ती धुणं घेऊन, एवढंच आम्हाला माहीत होतं. धुणं रोज नसतं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी खडू खाली ठेवला आणि कापडाची घडी केली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी सदऱ्यावर केशरी जाकीट चढवलं, झडप स्वतः लावली आणि निघाले. वाटेत कुणीतरी हटकलंच, लगनाले चालले का म्हणून. बाबांनी हो म्हटलं आणि डोंगा लोटला. थोड्या वेळाने माय पाळीवर आली. हातात धुणं नव्हतं. दूर पाण्यावर चार डोंगे होते, आणि त्यातल्या एकात केशरी ठिपका उभा होता. माय बराच वेळ पाहत राहिली. मग "दिसला," म्हणाली आणि भात मांडायला घरी गेली.