सरांची बायको

आमच्या कॉलेजात जुन्या कादंबऱ्या शिकवणाऱ्या बाई आपल्या नवऱ्याला ‘सर’च म्हणायच्या. एके काळी ते त्यांचे शिक्षक होते. त्या कादंबऱ्यांतले विद्वान नायक कोवळ्या मुलींना वाचायला, बोलायला, चारचौघांत वागायला शिकवायचे आणि शेवटी त्यांच्याशीच लग्न करायचे. सरांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या बाईंना ते सगळं खरं वाटलं. पदवी हातात पडताच त्यांनी सरांशी लग्न केलं.

सर वाईट नव्हते. त्यांनी कधी आवाजसुद्धा चढवला नाही. फक्त दुरुस्त्या करायचे. भाजीतलं मीठ, पडद्यांचा रंग, बोलता बोलता चुकलेला शब्द. पाहुण्यांसमोर म्हणायचे, “हिला मी घडवलं.” बाई हसायच्या. हसून हसून गाल दुखतात, असं एकदा मला म्हणाल्या होत्या.

सर निवृत्त झाले आणि त्यांचे तास बाईंकडे आले. तरी सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका सरांच्या नजरेखालून जायचीच.

यंदा वर्गात एका मुलीनं विचारलं, “बाई, त्यानं तिला एवढं शिकवलं. तिनं त्याला काय शिकवलं?”

वर्ग हसला. बाईंनी प्रश्न वहीच्या कडेला टिपून घेतला. संध्याकाळी त्यांनी तोच प्रश्न पेपरात घातला. सरांनी त्यावर काट मारली.

“याचं उत्तर पुस्तकात आहे कुठे?”

“नाहीये. म्हणूनच विचारलाय.”

“लोक हसतील तुला.”

“हसू देत, सर. मी दमलेय.”

सर न जेवता आत जाऊन पडले. एरवी बाईंनी दहा वेळा हाका मारल्या असत्या. त्या दिवशी त्या एकट्या जेवल्या, उरलेलं झाकून ठेवलं आणि झोपल्या. पेपर त्यांनी लिहिला तसाच छापायला गेला.

सकाळी स्वयंपाकघरात खडखडाट ऐकू आला.

“साखर कुठे असते गं?”

“निळ्या डब्यात,” बाई पडल्या पडल्या म्हणाल्या.

थोड्या वेळानं, “गाळणी?” मग, “हा गॅस कसा बारीक करायचा?”

तेव्हा मात्र बाई उठल्या आणि त्यांनीच चहा केला.

“काय करणार,” स्टाफरूममध्ये खुर्चीत टेकत त्या मला म्हणाल्या, “पातेलं जाळून ठेवलं असतं, आणि घासायचं मलाच होतं.”