मैदानावर मी दिलेली साक्ष

सदाशिवचा हात माझ्या पाठीला लागला होता. खांद्याच्या खाली, घामाने चिकटलेल्या बंडीवर, अख्खा तळवा. मी सांगितले, लागला नाही. हे खोटे मी आईवडिलांपासून लपवले, बायकोपासून लपवले. पुढे शिक्षक झालो, वर्गावर्गातून खरे बोलण्याविषयी बोलत राहिलो, तेव्हाही लपवले.

साताऱ्याच्या एका जुन्या शाळेचे मैदान. दिवस महायुद्धाचे. समोर गोऱ्या साहेबाच्या हस्ते पायाभरणी झालेली काळ्या दगडाची इमारत. सांगलीच्या सामन्यांसाठी हुतूतूचा संघ निवडणे चालले होते. सदाशिव दम न सोडता आमच्या अंगणात आला, मला हात लावून रेघेपलीकडे परतला आणि तिथेच उभा राहून हसला. शाळेत त्याला हसताना मी प्रथमच पाहत होतो.

पंच म्हणजे आमचे खेळाचे मास्तर. त्यांनी तोंडातली शिट्टी काढली आणि मला विचारले, "लागला?"

ती त्या शाळेची रीत होती. हात लागला की नाही, हे पंच ठरवत नसत. ज्याला लागला तो मुलगा स्वतः सांगे आणि त्याचा शब्द अखेरचा. कोणा इंग्रज हेडमास्तरांनी ती घालून दिली, असे नव्या मुलाला पहिल्याच दिवशी ऐकवले जाई. आमच्या मैदानावर कोणी खोटे बोलत नाही, हे आम्ही इतर शाळांच्या मुलांना छाती काढून सांगत असू.

"न्हाई," मी म्हणालो.

"लागला की वो मास्तर!" सदाशिव ओरडला. "ह्यो बघा, ह्येच्या घामानं हात वला झालाय माजा."

"वला झालाय म्हनं! जा, वड्यावर जाऊन धुऊन ये," मागून कोणीतरी म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

मास्तरांनी त्याला हात पुढे करायला लावला. तोच हात. "या मैदानावर खोटे बोलणाऱ्याला जागा नाही," असे म्हणत त्यांनी छडी ओढली. त्या हाताला शिवायला सगळ्यांची ना होती. छडीची नव्हती.

मी खोटे का बोललो, ते सांगतो. सबब म्हणून त्याकडे पाहू नये.

मी म्हसवडच्या पलीकडच्या माळावरचा, मेंढपाळाचा मुलगा. वडील मला वसतिगृहात सोडायला आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर घोंगडे होते. ओसरीवरच्या मुलांनी नाकाला उपरणी लावली. वडिलांनी ते पाहिले. पाहूनही हात जोडून गृहपतींना म्हणाले, "आवं सरकार, कुटं बी बसवा, पर शिकवा त्येला."

त्यांनी मला खरोखरच कुठेही बसवले. खाणावळीच्या उंबऱ्याबाहेर, चपलांच्या ओळीशेजारी माझे पान मांडले जाई. जेवणाची वेळ झाली की मुले मेंढरे हाकल्यासारखे तोंडाने आवाज काढून मला बोलावत. नावाने कोणी हाक मारत नसे. मेंढरू, एवढेच. माळावर धावून पाय काटक झाले होते. त्या पायांनी मला हुतूतूच्या सरावात जागा मिळवून दिली. आमचा कप्तान इनामदारांचा मुलगा. त्याने शब्द टाकला आणि माझे पान उंबऱ्याच्या आत आले. पंगतीचे अगदी शेवटचे पान. त्या दिवशी मी वडिलांना पत्र लिहून कळवले की आता सगळे ठीक आहे.

सदाशिव लोणंदकडच्या महारवाड्यातला. वडील फौजेत. सरकारी हुकूम होता म्हणून त्याला प्रवेश मिळाला; वर्गात खिडकीखाली तरटाचा तुकडा मिळाला. सरावाला गडी कमी पडला की त्यालाही बोलावत, मात्र हातात ज्वारीचे वाळलेले धाट देऊन. हाताऐवजी त्याने धाट लावायचे. त्याला पकडायचे झाले तर चौघांनी दुरून कडे करायचे, आणि त्याने आपण होऊन दम सोडायचा. हे आम्ही मुलांनीच ठरवले होते. त्यात आम्हांला आमचा मोठेपणा दिसत होता.

निवडीच्या दिवशी मास्तर म्हणाले, "आज नियम सर्वांना सारखे." बोलण्याच्या ओघात म्हणाले असावेत. सदाशिवने ते शब्दशः घेतले. धाट गुडघ्यावर मोडून त्याने कुंपणापलीकडे फेकले.

"आता ह्येला धरायचं कुनी?" कप्तान म्हणाला. "मेंढऱ्या, तू हो म्होरं."

मी पुढे झालो. धरण्याचा धीर मात्र झाला नाही. मी वळलो आणि पाठीवर हात पडला. मास्तरांनी प्रश्न विचारला तेव्हा कप्तान माझ्या कानाशी होता. "व्हय म्हनलास, तर आजपासनं तुजं पान भाईर."

उत्तर द्यायला क्षणभर लागला असेल. त्या क्षणात मला चपला दिसल्या. सदाशिव दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी तरट रिकामे होते. तो पुन्हा आला नाही. त्याचा विषय निघाला की मुले एकच शब्द वापरत: खोटारडा.

मी संघातून सांगलीला गेलो. जेवणाची व्यवस्था एका वकिलांच्या बंगल्यावर होती. आचाऱ्याने दारातच एकेकाला आडनाव विचारले, गाव विचारले, आणि मला बोटाने मागची वाट दाखवली. गोठ्याला लागून पडवी होती. तिथे पान मांडलेले. माझे एकट्याचे.

कप्तान मला समजवायला मागे आला. "बस की गड्या. भात त्योच हाय."

"त्योच हाय तर तू हितं बस," मी म्हणालो. "मी तुज्या पानावर बसतो."

तो हसला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याचे हसणे विरले. "माजलास काय रं?"

मी पानावरून उठलो. मेंढरू म्हणून मला हाकलत आणणाऱ्या कोणाच्याही पंगतीला यापुढे बसणार नाही, असे त्याच्या तोंडावर सांगितले आणि उपाशी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. सामना खेळलो नाही. साताऱ्याला परतल्यावर खाणावळ सोडली. खोलीत भाकरी थापून खाल्ली, शेवटच्या परीक्षेपर्यंत.

हा प्रसंग मी आयुष्यभर अभिमानाने सांगत आलो. सभांतून सांगितला, विद्यार्थ्यांना सांगितला, टाळ्या घेतल्या. प्रत्येक वेळी गोष्ट सांगलीपासून सुरू केली. साताऱ्यापासून कधीच नाही. माझा अपमान मी नाकारला होता. सदाशिवचा मीच केलेला अपमान मात्र तसाच ठेवला होता. टाळ्या वाजत तेव्हा मी त्यांच्यात कोंडला जाई. खरे सांगावे तर स्वाभिमानाची सगळी कहाणी ढासळणार. न सांगावे तर ती तशीच पुढे सांगत राहायची.

अलीकडे शाळेचा इतिहास छापण्याचे ठरले. मैदानावरच्या प्रामाणिकपणाच्या त्या रीतीवर मी लिहावे आणि माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात बोलावे, असा निरोप आला. त्या निरोपाने मला लोणंदला नेले.

सदाशिव रेल्वेत गार्ड होता, निवृत्तीला आलेला. त्याने मला ओळखले. घरात घेतले, चहा सांगितला. मी सगळे बोललो. तो ऐकत होता.

"ह्ये मला कशाला सांगतुयास?" तो म्हणाला. "हात माजाच हुता. मला ठावं न्हाई व्हय?"

आतून चहा आला.

"माजा बा फौजेतनं सुट्टीवर आला, तवा त्येनं बी इच्यारलं, खोटं का बोललास म्हून. माज्या बाला बी पटलं न्हाई गड्या. गोऱ्या सायबाची शाळा, ती कशी चुकंल?" त्याने कप माझ्याकडे सरकवला. "समद्यांम्होरं खोटा केलास न्हवं? मग समद्यांम्होरं सांग. जमत नसंल तर चा पी आन जा."

मी चहा प्यालो. आणि मेळाव्याचा दिवस त्याला सांगितला.

तो आला. खुर्ची दिली तरी बसला नाही. सभागृहाच्या दाराशी उभा राहिला. पहिल्या रांगेत इनामदारांचा मुलगा होता, आता नातवंडांचा आजोबा. शाळेच्या उज्ज्वल परंपरेचे साक्षीदार, अशी माझी ओळख करून दिली गेली.

मी म्हणालो, "या शाळेच्या मैदानावर कोणी खोटे बोलत नसे, असे इतिहासात छापणार असाल तर त्याखाली माझे नाव नको. मी बोललो आहे. याच मैदानावर." आणि घडले ते सांगितले. धाट, पान, छडी.

"आवं गुर्जी," पहिल्या रांगेतून आमचा जुना कप्तान म्हणाला, "पोरवयातलं काय उकरताय आता? लय जुनं झालं त्ये."

"त्याच्यासाठी झालेले नाही," मी म्हणालो. "ही शाळा जिथे जिथे आपल्या खरेपणाची गोष्ट सांगेल, तिथे तिथे मी उठून हेच सांगणार आहे. माझी गोष्टही यापुढे सांगलीपासून सुरू होणार नाही."

मग मी दाराकडे वळलो.

"सदाशिव, तू खरा होतास. खोटा मी होतो, आणि सगळे तुला हसले तेव्हा मीही हसलो होतो. मी तुझी क्षमा मागतो. तू दे किंवा देऊ नकोस; मी मागतो आहे, हे या सगळ्यांनी ऐकावे."