कंपाउंडर आणि एकोणीस उपटसुंभ

गुरुवार, ९ मार्च. सकाळी दूध नासलं. दहाला कंपाउंडर आले. टाकीतल्या दगडांवर उपटसुंभ मोजले : एकोणीस. मुलगा त्यांना नको ते बोलला.

हे कंपाउंडर माझ्या यजमानांच्या दवाखान्यात चौतीस वर्षं होते. औषधाच्या पुड्या बांधणं आणि सुई टोचणं ही त्यांची कामं. सुई टोचताना ते कधीच गप्प नसत. "काय, आज सकाळी काय खाल्लं?" असं विचारायचे आणि समोरचा उत्तर जुळवत असतानाच काम आटोपायचे. रडायचं राहूनच जायचं.

यजमान गेले, दवाखाना बंद झाला, आणि तिथली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आमच्या बाहेरच्या खोलीत आली. तिच्यात प्रवाळ आहेत आणि पट्टेरी माशांची एक जोडी आहे. ती सांभाळायला कंपाउंडर दर गुरुवारी येतात. घरी ते एकटेच असतात. गुरुवारी मात्र इस्त्रीचा शर्ट असतो.

उपटसुंभ हे नाव त्यांचंच. ही तपकिरी, झुलपं पसरलेली, नखाएवढी समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे जिवंत प्राणीच. दिसायला गरीब, पण शेजारच्या प्रवाळाला डंख करून जागा बळकावतात.

"दर आठवड्याला येता ना काका? मग लक्ष कुठे असतं?" मुलगा म्हणाला. "टाकीसाठी परवाच मत्स्यालयाच्या दुकानातल्या माणसाशी बोललोय मी. तुमचेही हात आता थरथरतात."

"मागच्या महिन्यात एकही दिसला नव्हता रे," कंपाउंडर काचेला नाक लावून म्हणाले. "हे असे एकदम पसरत नाहीत. कुणी तोडले तरच. एक तुकडा राहिला तरी त्याचा नवा होतो." मग मुलाकडे वळून म्हणाले, "पुढच्या गुरुवारी औषध घेऊन येतो. नाही जमलं तर बोलाव तुझ्या माणसाला."

ते गेल्यावर मी डायरीची मागची पानं उलटली. लिहिलेलं होतंच. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर म्हणत, घाण दिसली की हात लावायला उद्याची वाट पाहू नये. ते माझ्या अंगात इतकं मुरलंय की मासा आणि मळ यातला फरकही मी विचारत नाही.

सोळा तारखेला ते आले. औषध म्हणजे चुनाच; तो पाण्यात कालवून दाट केला, सिरिंजमध्ये भरला, टाकीचा पंप बंद केला. मुलगा हाताची घडी घालून मागे उभा. कंपाउंडर ओठ घट्ट मिटून वाकले. सुई पाण्यात गेली आणि हलायला लागली. दगडावर टकटक वाजली. उपटसुंभ चटकन आक्रसून भोकात शिरला.

"बघितलंत काका?" मुलगा म्हणाला.

मी डायरी घेऊन आले आणि उभ्यानेच वाचलं, "रविवार, ५ फेब्रुवारी. टाकीतल्या दगडावर तीन तपकिरी फुलं चिकटली होती. बटाटे सोलायच्या सुरीने खरवडून काढली. टाकी लख्ख दिसते."

मुलगा माझ्याकडे वळला. "आई, तू?"

"मीच. तिनाचे एकोणीस मी केले. यांना ऐकवलंस ते मला ऐकव."

कंपाउंडर आधी गंभीर होते, मग त्यांचे खांदे हलायला लागले. "वहिनी, जन्मभर डॉक्टरांच्या घरात राहिलात आणि ऑपरेशन केलंत ते बटाट्याच्या सुरीने!"

"हसा. पण भाऊ, तुम्ही मुक्याने सुई कधीपासून टोचायला लागलात?"

त्यांनी चष्मा वर सरकवला. दुसऱ्या दगडावरच्या जाड्या उपटसुंभाकडे वाकून म्हणाले, "काय हो, तब्येत बरी दिसतेय! सकाळी काय खाल्लं?" सुई सरळ त्याच्या तोंडात. पांढरा चुना आत गेला, झुलपं मिटली. हात हलला की नाही, मला तरी दिसलं नाही.

"मलाही असंच फसवायचात," मुलगा म्हणाला.

"तुला कुठे? तू चावला होतास मला."

पुढच्या तिघांचीही अशीच विचारपूस झाली. "आज चारच. जास्त चुना गेला तर मासे घाबरे होतील," असं म्हणून त्यांनी सुई धुतली. अर्ध्या तासाने मेलेल्यांचा गाळ नळीने ओढून काढताना बादली मुलाने धरली. दुकानातल्या माणसाचा विषय त्यानेच काढला. "त्याला नको म्हणून कळवतो," म्हणाला, आणि मग, "काका, त्या दिवशी मी जास्तच बोललो."

"बादली सरळ धर," कंपाउंडर म्हणाले.

संध्याकाळी डायरीत लिहिलं : चार गेले, पंधरा उरले. चुन्याची बरणी चिठ्ठी लावून वरच्या फळीवर ठेवली, मिठापासून लांब.