विणकरांच्या गल्लीत मेटल

वसंताच्या बाबांचा निरोप आला : "सोमवारपासून मागावर बस. ते पिंप बडवणं बंद." वसंता आमचा ड्रमर. तो गेला की बँड संपला. म्हटलं, आपणच उमरेडला जाऊ आणि बाबांना ऐकवू. आवडलं नाही तर नाही, पण न ऐकता बंद? हॅट!

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्यासारख्या आवाजाला आज लोक इंडस्ट्रियल ग्रूव्ह मेटल म्हणतात. तेव्हा नागपुरात डोकेदुखी म्हणत. सैल सोडून खोल केलेल्या गिटारच्या तारा, लोखंडी पत्रा, तेलाचं पिंप. एकच जड ठेका पुन्हा पुन्हा, आणि मध्येच सगळं एकदम बंद. तिथे श्वास अडकतो. ठेका परतला की मान आपोआप हलते. मला त्याचं वेड होतं, अजूनही आहे.

सकाळी तर्री-पोहे हाणून एसटी पकडली. पिंप टपावर. तुम्ही गेलात तर खिडकीची जागा सोडा. कोळशाच्या ट्रकमागे बस लागली की तोंड काळं होतं.

गल्लीत घरोघरी माग खटखटत होते. बाबांनी पाणी दिलं, पण माग थांबवला नाही.

"वाजवा. मी ऐकून राहिलो."

अंगणात ॲम्प्लिफायर लावून आम्ही सुरू झालो. हळूहळू माग चालवणारे बाबांचे पाय आमच्या ठेक्यात पडू लागले, त्यांच्याही नकळत. मग आम्ही एकदम थांबलो. माग थांबला, आणि बाबा वाकून तुटलेला धागा शोधू लागले. खटखट थांबली म्हणजे धागा तुटला, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. समोरच्या घरातला विणकरही वाकलेला! धागे सगळे शाबूत.

"काहून थांबला रे?"

"मुद्दाम, बाबा."

समोरचा विणकर चिडून बाहेर आला. "काय गा, पोराले आवर!"

"मले अजून ऐकाचं हाय," बाबा म्हणाले. "तुले नसंन ऐकाचं तं दार लाव."

शाबासकी मिळाली नाही, झुणका-भाकर मिळाली. निघताना बाबा वसंताला म्हणाले, "हे गाणं नाही. पण काम हाय. सोमवारी नको येऊ."

त्या प्रवासातलं काय उरलं, असं कुणी विचारलं की मी तो सोमवार सांगतो. गांधीबागेतल्या आमच्या खोलीवर घरमालक ओरडत आले, "बंद करा!" वसंतानं लगेच बंद केलं. मालक समाधानानं वळले, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले, आणि वसंतानं पिंपावर सगळ्या ताकदीनं ठोका हाणला.