मच्छिंद्रमामांची हजेरी

मच्छिंद्रमामांचं कुट्टी मशीन सुरू होण्याआधी बरंच काही व्हावं लागतं. ट्रॅक्टरमागचं ते धूड एका तोंडानं फांदी गिळतं आणि पलीकडून भुगा ओकतं. पण आधी मामा झाकण उघडून आतला ड्रम हातानं एकदा फिरवून बघणार, तोंडात खडा-काटकी राहिली का ते चाचपणार, झाकण घट्ट लावणार, मग सीटवर चढून खिशातली किल्ली काढणार. ट्रॅक्टर सुरू झाला तरी ड्रम चालू करायचा दांडा इतक्यात ओढायचा नाही. आधी हजेरी.

“सोनूबाई!” “हाय!” “दैवशाला!” “हाय!” “बेबीनंदा!” “हाय मामा, हाय!”

फांद्या आणून देणाऱ्या तिघी मजूर बायका बोलल्या की मामा पुन्हा खाली उतरणार, मशीनला एक चक्कर मारणार आणि वर येऊन हळूच दांडा ओढणार. ड्रमनं पूर्ण वेग घेतल्यावरच पहिली फांदी आत जायची, तीही बाजूला उभं राहून.

“नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं,” दैवशाला म्हणायची, “आन् मामाच्या मशीनला अठराशे.”

बंद करण्याची तऱ्हाही तशीच. आतला माल निघू द्यायचा, वेग उतरवायचा, दांडा सोडायचा, ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात. पण ट्रॅक्टर गप्प झाला म्हणून ड्रम गप्प होत नाही; तो आपल्या गुर्मीत फिरतच राहतो. तेवढ्या वेळात मामा चिमूटभर तंबाखू चुना लावून मळायचे. तंबाखू मळून झाली की ड्रम थांबलेला असायचा. तोवर झाकणाला कुणी बोट लावायचं नाही.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या घरातच होतं. वीस वर्षांपूर्वी मळणी यंत्रात थोरल्या भावाचा, भागवतचा, हात होता आणि बटन मच्छिंद्रमामांनी दाबलं होतं. विचारलं नाही, बघितलं नाही, दाबलं. भागवतच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. तो एका शब्दानं काही बोलला नाही, हेच मामांना जास्त लागलं. तेव्हापासून रोज सकाळी मामा दोघांची तंबाखू मळतात. एका हातानं तंबाखू मळता येत नाही.

काकासाहेबांची मोसंबीची बाग म्हातारी झाली म्हणून काढली होती. फांद्यांचे ढीग पुरुषभर उंच. चौथा दिवस होता. ओल्या फांद्यांच्या साली ड्रमला गुंडाळायच्या आणि मशीन तुंबायचं. दर वेळी बंद करा, तंबाखू मळा, काठीनं साफ करा, चढा, हजेरी, उतरा, चक्कर, पुन्हा चढा. मामांचे गुडघे अठ्ठावन्न वर्षांचे. प्रत्येक उतरण्याला वेगळं रडायचे. त्यांना मशीनचा कंटाळा आला होता, मोसंबीच्या काट्यांचा आला होता आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या कटकटीचाही आला होता.

दुपारी चारच्या सुमाराला मशीन अकराव्यांदा तुंबलं. मामांनी सगळं रीतीनं केलं, मशीन साफ करून झाकण लावलं आणि कण्हत वर चढले. ट्रॅक्टर सुरू केला.

“सोनूबाई!” “हाय!” “दैवशाला!” “हाय!” “बेबीनंदा!”

“हाय!”

तिन्ही आवाज कडुलिंबाखालून आले. तिथं पाण्याचा माठ होता. तिघी पाणी पीत असतील, मामांना वाटलं. आता खाली उतरून चक्कर मारायची. त्यांनी गुडघ्याकडं बघितलं. तिघी तर लिंबाखाली आहेत, मग मशीनपाशी कोण भूत असणार? त्यांनी दांड्यावर हात ठेवला.

तेवढ्यात थरथरणाऱ्या मडगार्डवरची तंबाखूची डबी घरंगळून खाली पडली. मामांनी एक कचकचीत शिवी हासडली आणि डबीसाठी खाली उतरले.

ढिगाच्या आडोशाला, भुगा पडतो त्या तोंडात, बेबीनंदाचा हात कोपरापर्यंत आत होता.

 मामांनी ट्रॅक्टर बंद केला, किल्ली खिशात घातली आणि शेताच्या धुऱ्यावर बसले. 

“एक साल अडकल्ती मामा,” बेबीनंदा हात झाडत म्हणाली. “म्हणलं, तुमाला परत उतरायला नगं. गुडघे दुखून राह्यलेत न्हवं?”

“मंग हाय कोण बोललं?”

दैवशाला मान खाली घालून उभी होती. रस्त्याच्या कामावर मुकादम हजेरी घ्यायचा, तेव्हा एखादीचं लेकरू आजारी असलं, यायला उशीर झाला, की दुसरी तिच्या नावानं ओ द्यायची. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. तेच वळण जिभेला लागलेलं.

“म्या बोलले,” ती म्हणाली. “ती मागून येतच व्हती. तुमचा खोळंबा नगं म्हणलं.”

मामा रागावले नाहीत. रागावायला तोंड नव्हतं.

“पोरींनो, मी बी आज उतरणार न्हवतो,” ते म्हणाले. “डबी पडली म्हणून उतरलो.”

 सोनूबाईनं पदरानं डोळे पुसले.

 ढीग होता तेवढाच होता. शेवटी मामा उठले, वर चढले, पण त्यांनी एकीचंही नाव घेतलं नाही.

“आता आवाज नगं,” ते म्हणाले. “इथं या. मडगार्डावर हात ठिवा. दोन्ही.”

सोनूबाईनं ठेवले. दैवशालानं बेबीनंदाचं मनगट धरून तिचे हात आधी पत्र्यावर ठेवले, घट्ट दाबले आणि मग शेजारी आपले ठेवले. काट्यांनी ओरबाडलेले, सालींच्या रसानं काळे झालेले हात. मामांनी एकेक मोजला. सहा भरले.

तरी मामा खाली उतरले आणि गुडघा धरत मशीनला चक्कर मारून आले. ते वर चढेपर्यंत एकीनंही हात उचलला नाही.