जांभळी रेघ

डॅरिल झॅमिटच्या गाडीला ट्रकने मागून ठोकलं. सांगाडा वाकला, पण आठ सिलिंडरचं इंजिन ठणठणीत राहिलं. मग एलिझाबेथ गावातल्या आपल्या शेडमध्ये त्याने ती गाडी स्वतःच्या हातांनी सुटी केली, एकेक भाग पुसून विकायला काढला. गिऱ्हाइकंही एकेक नग. एकाने चाकांच्या बदल्यात कोंबड्या देऊ केल्या.

इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर नेला वेन कॉरिगनने. दोघंही बंद पडलेल्या मोटार कारखान्यातले. डॅरिल अठरा वर्षं जुळणीवर, वेन गोदामात. आठवड्याने वेन फुटका सुपरचार्जर घेऊन, पैसे परत मागत दारात हजर. आदल्या दिवशीच त्याने गावाच्या फेसबुक पानावर लिहून टाकलं होतं, की झॅमिट भंगार विकतो, सावध राहा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

ते पान डॅरिलची एक्क्याऐंशी वर्षांची आई रोज वाचते. तिने सकाळीच फोन केला होता.

"कुणाला फसवलंस रे?" एवढंच तिने विचारलं. तेव्हापासून डॅरिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

त्याने सुपरचार्जर बाकावर उपडा केला. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर जांभळा ठिपका होता. कारखान्यात आवळलेल्या बोल्टवर खूण करायला प्रत्येकाचा रंग ठरलेला होता आणि जांभळा डॅरिलचा, हे वेनला पक्कं ठाऊक होतं. पण गोदामातल्या माणसाने बोल्ट कधी आवळला होता? आवळला की बोल्टवरून थेट खालच्या धातूपर्यंत रेघ ओढायची, म्हणजे बोल्ट तसूभर जरी फिरला तरी ती तुटते. डॅरिलने विकलेल्या सुपरचार्जरवर अशाच रेघा होत्या. नुसत्या ठिपक्याने काय कळणार, कपाळ?

"हे तू रंगवलंस," डॅरिल म्हणाला.

वेनने आधी कानांवर हात ठेवले, मग आवाज चढवला, शेवटी मान खाली घातली. स्वतःचा फुटला म्हणून डॅरिलचा चांगला आपल्या गाडीत बसवला आणि हा फुटका इकडे आणला, असं कबूल केलं. वर म्हणे, पैसे परत नकोत, विषय संपला. किती उदार!

"फोन काढ. पानावर लिही."

वेनने लिहिलं, गैरसमज झाला होता.

"गैरसमज नाही. मीच फसवलं, असं लिही."

"डॅरिल, माझी पोरं वाचतात रे ते पान."

"माझी आई वाचते," डॅरिल म्हणाला, आणि वेनचा अंगठा हलेपर्यंत तो दार अडवून उभा राहिला.